सूर्याची "शांत वर्षं": मिनिमम, डीप मिनिमम आणि ग्रँड मिनिमम ह्यात नक्की फरक काय

प्रश्न थोडक्यात असा आहे की सूर्याबद्दल वाचताना सोलर मिनिमम, डीप मिनिमम, ग्रँड मिनिमम आणि क्वायट सन हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात, तर हे सगळं एकच का, कुठला शब्द कधी वापरायचा, आणि दर काही वर्षांनी "ग्रँड मिनिमम येतोय, आता छोटं हिमयुग" अशी जी बातमी फिरते तिच्यात किती तथ्य. मी बरीच वर्षं सूर्यावरचे डाग (जोरदार चुंबकीय क्षेत्रामुळे आजूबाजूपेक्षा थंड आणि म्हणून काळे दिसणारे भाग) मोजतोय आणि सोबत हॅम रेडिओही (म्हणजे हौशी बिनतारी संच) चालवतो, म्हणजे सूर्य गप्प बसला की त्याचा फटका मला थेट बसतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

एकच नाहीत. पण गोंधळ होतो ह्यात वाचणाऱ्याची चूक नाही, कारण "शांत" हा शब्दच मुळात तुलनेचा आहे. कशापेक्षा शांत, कुठल्या मापाने शांत, आणि किती काळ शांत, ह्या तिन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि बातम्या लिहिणारे नेमक्या ह्याच तीन गोष्टी गाळतात.

आधी साधा मिनिमम. सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात, हे चक्र कधी ९ वर्षांचं असतं तर कधी १३-१४ पर्यंत लांबतं. हे शोधलं जर्मनीतल्या डेसाऊ गावच्या हाइनरिश श्वाबे ह्या औषधविक्रेत्याने, आणि गंमत म्हणजे तो डाग शोधतच नव्हता, बुधाच्या आत आणखी एखादा ग्रह फिरतोय का हे बघायला तो १८२६ पासून रोज सूर्य बघत होता आणि ग्रह डागांत गल्लत नको म्हणून डागांची नोंद ठेवत होता. ग्रह सापडला नाही, चक्र सापडलं. पुढे रुडॉल्फ वोल्फने १८४८ मध्ये मोजायची एक पद्धत बसवली आणि ती आजही तशीच चालू आहे: डागांचे जेवढे गट दिसतात त्यांना १० ने गुणायचं, त्यात एकूण सुटे डाग मिळवायचे, आणि मग निरीक्षक आणि दुर्बीण ह्यांच्या फरकासाठी एका गुणकाने दुरुस्ती करायची. चक्रांना नंबर दिलेत ते १७५५ पासून, आत्ता २५ वं चालू आहे.

ह्या हिशोबाचा एक परिणाम असा की एकच बारीक ठिपका असेल तर तो एक गट आणि एक डाग, म्हणजे आकडा ११. शून्याच्या वरचा सगळ्यात लहान आकडा ११, मधलं काहीच नाही! पडद्यावर सूर्याची प्रतिमा घेऊन पेन्सिलने डाग काढताना शांत वर्षांत हेच होतं, कागदावर नुसतं वर्तुळ, तारीख, वेळ, हवा कशी होती, आणि खाली शून्य. मग एक दिवस कडेला टोकाएवढं काहीतरी दिसतं, आधी वाटतं धूळ आहे, आयपीस फिरवून बघायचं, ठिपका सोबत फिरला तर धूळ, नाही फिरला तर डाग, आणि मग तो संध्याकाळपर्यंत विरूनही जातो. त्या दिवशी मी ११ लिहिणार आणि दुसरीकडे कोणी दोन तासांनी बघितलं असेल तर तो शून्य लिहिणार. म्हणून एका माणसाच्या नोंदीवर काही ठरत नाही, जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदी बेल्जियमच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीत एकत्र होतात आणि तिथून अधिकृत आकडा निघतो. १९८१ पर्यंत हे काम झुरिकला चालायचं.

आता मिनिमम कधी झाला हे कसं ठरतं, तर मासिक आकड्यांची १३ महिन्यांवर पसरलेली सरासरी काढतात आणि ती जिथे सगळ्यात खाली जाते तो महिना मिनिमम. १३ महिन्यांची सरासरी म्हणजे पुढचे सहा महिने हातात आल्याशिवाय आजच्या महिन्याचा आकडाच तयार होत नाही, आणि तळ खरंच तिथेच होता ह्याची खात्री करायला आणखी काही महिने. चक्र २४ आणि २५ मधला मिनिमम डिसेंबर २०१९ मध्ये होऊन गेला (सरासरी आकडा १.८) आणि तो झाल्याचं जाहीर झालं सप्टेंबर २०२० मध्ये. म्हणजे "सध्या मिनिमम चालू आहे" हे वाक्य त्या काळात कोणीच ठामपणे म्हणू शकत नाही, "मिनिममच्या आसपास आहोत" एवढंच म्हणता येतं. दुसरी खूण म्हणजे नव्या चक्राच्या डागांची चुंबकीय दिशा उलटी असते आणि ते विषुववृत्तापासून लांब उगवतात, पण ह्यावरही लगेच विसंबू नये. चक्र २४ चा पहिला उलट्या दिशेचा डाग जानेवारी २००८ मध्ये दिसला, लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, आणि प्रत्यक्ष मिनिमम आला डिसेंबर २००८ मध्ये. जुनं आणि नवं चक्र असं वर्षभर एकमेकांत मिसळलेलं असतं.

डीप मिनिमम हा अधिकृत शब्द नाही, त्याची व्याख्या कुठल्याही समितीने केलेली नाही. नेहमीच्या मिनिममपेक्षा जास्त खोल किंवा जास्त लांबलेला मिनिमम एवढाच त्याचा अर्थ, आणि तो रूढ झाला २००८-०९ मुळे. अवकाशयुग सुरू झाल्यापासून आपण जे मिनिमम उपग्रहांनी पाहिले होते ते बरेचसे एकसारखे होते, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की मिनिमम म्हणजे एवढाच. मग चक्र २३ बारा वर्षांपेक्षा जास्त लांबलं आणि २००८ आणि २००९ ह्या दोन्ही वर्षांत प्रत्येकी २५० पेक्षा जास्त दिवस एकही डाग नव्हता. उपग्रहवाले आणि आयनोस्फिअरवाले (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरांचा अभ्यास करणारे) चक्रावले, पण जुन्या वह्या काढल्या तर १९१३ साली ३११ दिवस डागाविना गेलेले होते. म्हणजे "न भूतो" वगैरे काही नव्हतं, फक्त आपल्या हयातीत आणि आपल्या यंत्रांच्या हयातीत झालेलं नव्हतं. २०१९ मध्ये तर डाग नसलेले दिवस २७० च्या पुढे गेले, पण तोवर सवय झालेली होती म्हणून फारसा गवगवा झाला नाही. डीप मिनिमम हा शब्द वापरायला माझी हरकत नाही, फक्त तो वापरताना "गेल्या शंभर वर्षांतला" किंवा "उपग्रह आल्यापासूनचा" असं काहीतरी सोबत लावा, नाहीतर तो नुसता भीती घालायचा शब्द होतो.

आता मुख्य मुद्दा, ग्रँड मिनिमम. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते, कारण नावामुळे वाटतं की हा मिनिममचाच मोठा भाऊ आहे. तसं नाही. साधा मिनिमम म्हणजे दोन लाटांमधला खळगा, तो प्रत्येक चक्रात येणारच. ग्रँड मिनिमममध्ये लाटाच उठत नाहीत, किंवा उठल्या तरी दिसण्याइतक्या उठत नाहीत, आणि हे एका नाही तर सलग अनेक चक्रांत होतं. म्हणजे एक वर्ष किंवा एक मिनिमम कितीही खोल असला, अगदी ३६५ दिवस डाग नसला, तरी तेवढ्यावरून ग्रँड मिनिमम म्हणता येत नाही. त्यासाठी मॅक्सिमम, म्हणजे चक्रांची शिखरं, बघावे लागतात! जिथे शिखर यायला पाहिजे होतं तिथे काय झालं हे बघायचं, खळगा किती खोल होता ते नाही. संशोधनात वापरली जाणारी एक ठोस कसोटी अशी आहे की डागांची दहा वर्षांची सरासरी (जुन्या मापाने) १५ च्या खाली गेली पाहिजे आणि किमान सलग दोन दशकं तशीच राहिली पाहिजे. लक्षात घ्या, दहा वर्षांची सरासरी, महिन्याची नाही, आणि दोन दशकं. म्हणजे जो कोणी एका शांत वर्षावरून ग्रँड मिनिमम जाहीर करतो त्याने किमान वीस वर्षं थांबायला हवं.

ह्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १६४५ ते १७१५ चा मॉन्डर मिनिमम. गॅलिलिओ आणि शायनरच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, डाग भरपूर दिसत होते, मग जवळपास नाहीसे झाले. आणि हे "कोणी बघतच नसेल" म्हणून उडवून लावता येत नाही, कारण पॅरिसच्या वेधशाळेत पिकार आणि ला हिर नेमाने बघत होते, इंग्लंडमध्ये फ्लॅमस्टीड होता, त्याने १६८४ मध्ये एक डाग दिसल्यावर नोंद केली आहे की डिसेंबर १६७६ नंतर त्याला दिसलेला हा एकमेव. रोज दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या माणसाला सात वर्षांत एक डाग. १६७२ ते १६९९ ह्या काळात एकूण पन्नासही डाग नोंदलेले नाहीत, आणि जे आहेत तेही बहुतेक सूर्याच्या दक्षिण गोलार्धात. १८८० च्या दशकाच्या शेवटी गुस्टाव श्प्योररने आणि मग १८९० मध्ये एडवर्ड मॉन्डरने हे दाखवून दिलं, १८९४ मध्ये मॉन्डरने परत लिहिलं, आणि लोकांनी चक्क दुर्लक्ष केलं. १९७६ मध्ये जॅक एडीने जुन्या नोंदी, ऑरोराच्या (ध्रुवीय प्रकाशाच्या) हकिकती आणि झाडांच्या वर्तुळांतला कार्बन-१४ असं सगळं एकत्र मांडलं तेव्हा कुठे हे मान्य झालं आणि नावही तेव्हाच रुळलं.

कार्बन-१४ चा संबंध काय ते सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सूर्याचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्यासोबत (सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतासोबत) लांबपर्यंत पसरलेलं असतं आणि बाहेरून येणाऱ्या वैश्विक किरणांना काही प्रमाणात अडवतं. सूर्य शांत झाला की हा अडसर कमकुवत होतो, किरण जास्त येतात, वातावरणात कार्बन-१४ आणि बेरिलियम-१० जास्त तयार होतं, पहिलं झाडांच्या वर्तुळांत आणि दुसरं ध्रुवाकडच्या बर्फाच्या थरांत साठतं. त्यामुळे दुर्बीण नव्हती त्या काळाचाही हिशोब लागतो. त्यातून मॉन्डरच्या आधीचे श्प्योरर मिनिमम (पंधरावं शतक आणि सोळाव्याची सुरुवात) आणि वोल्फ मिनिमम (साधारण १२८० ते १३४०) सापडले, आणि गेल्या सुमारे ११,००० वर्षांत असे सत्तावीसेक ग्रँड मिनिमम मोजले गेले, म्हणजे सूर्याचा साधारण सहावा हिस्सा वेळ असा जातो. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे मॉन्डर मिनिमममध्येही बर्फातल्या बेरिलियम-१० मध्ये चक्र हलकंसं का होईना चालू असलेलं दिसतं. डाग नव्हते, पण सूर्य बंद पडलेला नव्हता.

डाल्टन मिनिममचं (साधारण १७९० ते १८३०) नाव ह्याच माळेत ओवलं जातं, ते मला तितकंसं पटत नाही. त्या काळातली चक्र ५ आणि ६ कमजोर होती हे खरं, शिखर नव्या मापाने ८० च्या आसपास, पण शिखर होतं ना! वर सांगितलेल्या कसोटीत ते बसत नाही. त्याला कमजोर चक्रांचा काळ म्हणा, पण बातमीत "मॉन्डर आणि डाल्टनसारखा" असं एका दमात लिहिलेलं दिसलं की समजावं की लिहिणाऱ्याने फरक तपासलेला नाही.

नवं माप जुनं माप असं मी दोनदा म्हटलं, तर १ जुलै २०१५ पासून डागांच्या आकड्यांची पूर्ण मालिका नव्याने बसवली गेली. पूर्वी वोल्फच्या दुर्बिणीशी जुळावं म्हणून ०.६ ने गुणत होते, ते काढून टाकलं, त्यामुळे आकडे दीडपटीच्या आसपास वाढले. चक्र १९ चं शिखर जुन्या पुस्तकात २०१ मिळेल आणि नव्या यादीत २८५, दोन्ही बरोबर. लोक जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवून सूर्य वाढला किंवा घटला असं सिद्ध करत बसतात, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, फक्त आकडा कुठल्या मापाचा आहे ते विचारा.

क्वायट सन ह्या शब्दाचे दोन वेगळे वापर आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. एक काळाबद्दलचा. १९५७-५८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष झालं ते मुद्दाम मॅक्सिममच्या आसपास, आणि नशिबाने ते चक्र १९, म्हणजे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात जोरदार. मग तुलना करायला शांत सूर्याची मोजमापं हवीत म्हणून १९६४-६५ ही "आंतरराष्ट्रीय शांत सूर्य वर्षं" ठरवली गेली आणि जगभर तीच यंत्रं परत लावली गेली. मिनिमम आला ऑक्टोबर १९६४ मध्ये, अंदाज बरोबर निघाला. दुसरा वापर जागेबद्दलचा आहे. सौरभौतिकीवाले लोक क्वायट सन म्हणतात तेव्हा त्यांना सूर्याच्या पृष्ठभागावरचा डाग आणि सक्रिय भाग सोडून उरलेला भाग म्हणायचा असतो, आणि तो तर ऐन मॅक्सिमममध्येही असतोच. त्यामुळे एखाद्या पेपरचं शीर्षक "शांत सूर्यावरची अमुक घटना" असं असेल तर तो मिनिममबद्दल आहे असं धरून चालू नका, आतमध्ये तारीख बघा.

पृथ्वीच्या चुंबकत्वावाल्यांचे "शांत दिवस" हे आणखी तिसरं प्रकरण. दर महिन्यातले सगळ्यात शांत पाच दिवस निवडून त्यांची यादी निघते, पण हे त्या महिन्यापुरतं आहे, महिनाच वादळी असेल तर त्यातला शांत दिवससुद्धा एरवीच्या मानाने गडबडीचा निघतो, म्हणून यादीत अशा दिवसांसमोर खूण केलेली असते. खूण न बघता तो दिवस आधाररेषा म्हणून वापरला की पुढचं सगळं गणित तिरपं.

आता रेडिओचं, कारण शांत वर्षं म्हणजे काय हे मला आकड्यांपेक्षा कानाला जास्त कळतं. २८ मेगाहर्ट्झचा बँड मॅक्सिमममध्ये असा असतो की थोड्याशा वॅटमध्ये अर्धं जग गाठता येतं. मिनिमममध्ये आयनोस्फिअरच्या वरच्या थराला पुरेशी अतिनील आणि क्ष-किरणं मिळत नाहीत, इलेक्ट्रॉन कमी, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी परावर्तित न होता सरळ अवकाशात निघून जातात. २८.२०० वर जगभरातले १८ बीकन (आपोआप ठरलेला संदेश पाठवणारी केंद्रं) आळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात, तीन मिनिटांत एक फेरी पूर्ण. शांत वर्षात तीन मिनिटं हेडफोन लावून बसलं तर अठराच्या अठरा वेळा नुसती सूं ऐकू येते, परत तीन मिनिटं, परत तेच, तेव्हा रिसीव्हर बिघडला की काय असं वाटून माणूस अँटेनाची वायर तपासायला उठतो. त्या काळात संध्याकाळ झाली की १४ मेगाहर्ट्झही लवकर झोपतो. पण ह्याची दुसरी बाजू फार कमी लोक सांगतात. खालचे बँड, म्हणजे ७, ३.५ आणि १.८ मेगाहर्ट्झ, ह्याच वर्षांत खुलतात, कारण खालच्या थरातलं शोषण कमी होतं आणि चुंबकीय वादळं (सूर्याकडून आलेल्या माऱ्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारी खळबळ) कमी असल्याने ध्रुवांवरून जाणारे मार्गही टिकतात. १.८ वर लांबचे संपर्क करणारे लोक मिनिममची वाट बघत असतात. म्हणजे एकाच वर्षाला एक हॅम "मेलेलं वर्ष" म्हणतो आणि दुसरा "सोन्याचं", आणि दोघंही बरोबर. हॅम लोक दुसरंही एक माप बघतात, १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर सूर्याचा रेडिओ फ्लक्स, म्हणजे तिथून येणाऱ्या रेडिओ लहरींचं प्रमाण, कॅनडात १९४७ पासून मोजला जातो. तो ढग असले तरी मोजता येतो आणि शून्यावर जात नाही, अगदी तळालाही ६५ ते ७० च्या दरम्यान राहतो. डाग शून्य, फ्लक्स ६८. म्हणून डाग शून्य म्हणजे सूर्य शून्य असं कधीच नसतं.

शांत वर्षांत सगळंच शांत होतं हा समजही काढून टाका. वैश्विक किरण वर सांगितल्याप्रमाणे वाढतात, २००९-१० मध्ये त्यांनी अवकाशयुगातला आधीचा उच्चांक मोडला, अंतराळवीरांच्या दृष्टीने ते मुळीच शांत नव्हतं. वातावरणाचा सगळ्यात वरचा थर थंड होऊन आकुंचन पावतो, त्यामुळे उपग्रहांना घर्षण कमी, ते जास्त टिकतात, आणि त्यांच्यासोबत कचराही जास्त टिकतो. उलटंही झालेलं आहे, अमेरिकेचं अंतराळस्थानक स्कायलॅब १९७९ मध्ये अंदाजापेक्षा लवकर पडलं कारण चक्र २१ अपेक्षेपेक्षा जोरात चढलं. आणि शांततेतून चढण सुरू होते तो काळ सगळ्यात फसवा, फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्याशा चुंबकीय वादळात नुकत्याच सोडलेल्या ४९ पैकी ३८ स्टारलिंक उपग्रह गेले.

मोठी वादळंही चक्राच्या वेळापत्रकाला जुमानत नाहीत. ८-९ फेब्रुवारी १९८६ चं चुंबकीय वादळ गेल्या काही दशकांतल्या मोठ्या वादळांपैकी एक, आणि मिनिमम होता त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. ५ डिसेंबर २००६ ला एक्स-९ दर्जाचा (एक्स हा सगळ्यात जोरदार वर्ग) सौरभडका उडाला, तेव्हा आम्ही सगळे मिनिमम आला म्हणून दुर्बिणी आवरत होतो. २३ जुलै २०१२ चा उद्रेक तर १८५९ च्या कॅरिंग्टन नावाने ओळखल्या जाणाऱ्या महावादळाच्या तोडीचा मानला जातो, आणि तो आला शंभर वर्षांतल्या सगळ्यात कमजोर चक्रात, फक्त पृथ्वीच्या दिशेने नव्हता म्हणून निभावलं. डागांचा आकडा शक्यता सांगतो, हमी नाही.

राहिला हिमयुगाचा प्रश्न. मॉन्डर मिनिमम आणि युरोपातला छोट्या हिमयुगाचा थंड काळ एकमेकांवर पडतात हे खरं, पण थंडी मॉन्डरच्या आधी सुरू झाली होती आणि नंतरही चालू राहिली, त्यात ज्वालामुखींचा मोठा हात होता. गोठलेल्या टेम्सवरच्या जत्रांचं चित्र ह्या विषयावरच्या प्रत्येक लेखात असतंच, पण जुन्या लंडन ब्रिजच्या अरुंद कमानींमुळे पाणी तुंबून संथ व्हायचं आणि म्हणून नदी गोठायची, हे त्या चित्राखाली कोणी लिहीत नाही. १८१६ चं "उन्हाळा नसलेलं वर्ष" डाल्टन मिनिममच्या खात्यात टाकतात, ते तर सरळसरळ १८१५ च्या तांबोराच्या उद्रेकाचं काम. आकड्यांत बघा: पृथ्वीच्या अंतरावर सूर्याची ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट, आणि मिनिमम ते मॅक्सिमम ह्यात फरक साधारण ०.१ टक्का, म्हणजे वॅटभर. नवीन ग्रँड मिनिमम खरोखर आला तरी त्याने जागतिक तापमानात अंशाच्या काही दशांशांचाच फरक पडेल असे अंदाज आहेत, आणि हरितगृह वायूंनी झालेली वाढ त्याहून बरीच मोठी आहे.

भाकितांचंही तसंच. चक्र २४ कमजोर निघणार हे सौरशास्त्रज्ञ अर्णब राय चौधुरी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्येच सांगितलं होतं, आणि तेव्हा दुसऱ्या एका नावाजलेल्या मॉडेलने उलट, जोरदार चक्र सांगितलं होतं. कमजोर निघालं. मग जून २०११ मध्ये अमेरिकेत सौरशास्त्रज्ञांच्या परिषदेत चक्र २५ फारच क्षीण होईल किंवा येणारही नाही अशी शक्यता मांडली गेली, डागांमधलं चुंबकीय क्षेत्र दरवर्षी घटतंय असं मोजमाप त्यामागे होतं. शक्यता म्हणून मांडलेली गोष्ट बातम्यांत निश्चित झाली, सुतावरून स्वर्ग गाठला गेला, आणि काही उत्साही मंडळींनी येणाऱ्या ग्रँड मिनिममचं बारसंही उरकलं. दरम्यान दिब्येंदू नंदी आणि प्रांतिका भौमिक ह्यांनी २०१८ मध्ये सांगितलं की चक्र २५ आधीच्याइतकंच किंवा थोडं जास्त जोरदार असेल, अमेरिकेच्या अधिकृत समितीने शिखर ११५ च्या आसपास धरलं, आणि प्रत्यक्षात चक्र १६० पर्यंत चढलं. मे २०२४ मध्ये इतकं मोठं वादळ आलं की लडाखच्या हानलेमधून आकाश लाल दिसलं. बारसं झालेलं मूल जन्मालाच आलं नाही.

तरीही अंदाजाचा एक भरवशाचा धागा आहे, सूर्याच्या ध्रुवांवरचं चुंबकीय क्षेत्र. मिनिममच्या वेळी ते जितकं जोरदार तितकं पुढचं चक्र जोरदार, हे आत्तापर्यंत बऱ्यापैकी खरं ठरलंय, २००८ मध्ये ते क्षीण होतं आणि चक्र २४ तसंच निघालं. अडचण एवढीच की ध्रुवीय क्षेत्राची सलग मोजमापं १९७० च्या दशकापासूनचीच आहेत, म्हणजे मोजून चार-पाच चक्रं, आणि ती सगळी ग्रँड मिनिममच्या बाहेरची. सूर्य ग्रँड मिनिमममध्ये शिरताना ध्रुवांवर काय दिसतं हे कोणीच यंत्राने पाहिलेलं नाही. म्हणून "ग्रँड मिनिमम कधीच येणार नाही" असंही मी म्हणत नाही, सहावा हिस्सा वेळ तो तिथे घालवतो म्हटल्यावर कधीतरी येईलच, पण पुढच्या एका चक्रापलीकडचं आज सांगतो म्हणणाऱ्याला मी तरी मनावर घेत नाही.

तर वापरताना: चक्रांमधल्या तळाच्या वर्षाला नुसतं मिनिमम म्हणा. तो नेहमीपेक्षा खोल वाटला तर डीप म्हणा, पण कशाच्या तुलनेत ते सांगा. सलग दोन-तीन चक्रं कमजोर असतील तर कमजोर चक्रांचा काळ म्हणा, १९०० च्या आसपासही तसा येऊन गेला होता. ग्रँड मिनिमम हा शब्द फक्त तेव्हाच जेव्हा शिखरंच गायब झालेली असतील, आणि तेही दशकं मोजून. पुढचा मिनिमम साधारण २०३० च्या आसपास अपेक्षित आहे, तेव्हा डाग नसलेल्या सूर्याचे फोटो आणि त्यांच्यासोबत तीच हिमयुगाची बातमी परत येईल. त्या वेळी डाग नसलेल्या दिवसांचा आकडा बाजूला ठेवा आणि ध्रुवीय क्षेत्र किती आहे ते शोधा, स्टॅनफर्डच्या विल्कॉक्स वेधशाळेचे आकडे सगळ्यांना बघायला मिळतात. ते २००८ पेक्षाही बरंच खाली असेल तर मात्र मला जरूर कळवा, कारण मग २८ मेगाहर्ट्झची अँटेना उतरवून १.८ ची लांबलचक वायर टाकायची तयारी मला करावी लागेल.